आंबलेल्या वरणाची बातमी

बाई, तुम्ही असता तर हे सगळं मी तुमच्यासमोर बसून बोलले असते, आणि तिसऱ्या वाक्याला तुम्ही मला उठवून मेथी निवडायला पाठवलं असतं. आता तसं करता येणार नाही तुम्हाला, म्हणून ऐका. जी गोष्ट करायची नाही म्हणून तुम्ही मला सगळ्या लेकरांसमोर बोललात, तीच मी केली. आपल्या वसतिगृहाचं इंटरनेटवर पान काढलं. ब्लॉग म्हणतात त्याला. तिथे आम्ही लिहितो, बोलतो, आवाज टाकतो, आणि कुणीही कुठूनही ते उघडून बघू शकतं. कुणीही म्हणजे खरंच कुणीही. तुम्हाला चक्कर आली असती. येऊ द्या. मी माफी मागायला बसलेली नाही. भांडायला बसले आहे, आणि या वेळी मधे बोलायची सोय तुम्हाला नाही.

तुमचं काम तुम्हालाच काय सांगायचं, तरी सांगते. दिवाळी झाली की तांड्यावरची माणसं ट्रकात बसून ऊस तोडायला पार तिकडे साखर कारखान्यांच्या भागात जातात, आणि पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेला परततात. तेवढे महिने त्यांची लेकरं वसतिगृहात राहतात, म्हणजे शाळा बुडत नाही आणि आठ वर्षांच्या हातात उसाची मोळी येत नाही. जऊळक्याच्या स्टेशनापासून चालत पाऊण तासावर दोन खोल्या, एक पडवी, एक चूल, एवढ्यावर तुम्ही ते उभं केलंत. मी त्याच पडवीत वाढले. आधी लेकरू म्हणून, मग तुमच्या हाताखाली, आणि तुम्ही गेल्यापासून तुमच्या खुर्चीत.

तो दिवस आठवतो ना? मी एकोणीस वर्षांची. वाशिमहून एक पत्रकार आलाय, मीच बोलावलाय त्याला, तुम्हाला न विचारता. लेकरांना धुतलेले कपडे घालून पडवीत रांगेनं उभं केलंय, पुढच्या दोघींच्या वेण्यांना लाल रिबिनी बांधल्यात. तुम्ही स्वयंपाकघरातून येता, दोन्ही हातांना ज्वारीचं पीठ. एकदा रांगेकडे बघता, एकदा माझ्याकडे. "काहून वं? लेकरं काय बाजारात मांडली तू?" तो बिचारा म्हणतो, बाई, चांगलं काम आहे, चार लोकांना कळलं तर बरंच आहे. तुम्ही त्याला पाटावर बसवता, चहा देता, जऊळक्याची गाडी किती वाजता आहे ते सांगता आणि वाटेला लावता. मग मला म्हणता, "काम असंन त दिसते. आपुन वरडाचं नाई." दोन दिवस बोलला नाहीत माझ्याशी. मीठ संपलं तेसुद्धा एका पोरीकरवी कळवलंत.

तर बाई, काम दिसत नाही. हे माझं पहिलं भांडण. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या वर्षी एक मोठे साहेब जऊळक्याला कशाला तरी आले होते, त्यांनी मला विचारलं, "असं वसतिगृह अजून चालू आहे का?" चालू आहे का! त्या दिवशी एकवीस लेकरं जेवून शाळेत गेली होती. इतकी वर्षं तुम्ही राबलात, आणि पाऊण तासाच्या वाटेवर कुणाला पत्ता नाही. तुमच्या गप्प राहण्याला सगळे साधेपणा म्हणतात. मीही म्हणायचे. त्या दिवशी घरी येताना मला पहिल्यांदा तुमचा राग आला, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

म्हणून वाशिमला एका मंगल कार्यालयात छोट्या संस्थांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं, तिथे गेले. शहरातून आलेले एक सर पडद्यावर चित्रं दाखवत होते. बोलायचे मोठे गोड. ब्लॉग कसा उघडायचा, मोबाईलवर मराठी कसं टाइप करायचं, व्हॉट्सअ‍ॅपवरून तो कसा पुढे पाठवायचा, सगळं नीट शिकवलं, त्यात खोट नाही. मग म्हणाले, लोकांना तुमच्या कामात रस नसतो, चेहऱ्यात असतो. एक चेहरा निवडा, एक दुःख सांगा, आणि खाली मदतीचं बटण ठेवा. मी वहीत लिहून घेतलं: एक चेहरा, एक दुःख, एक बटण. जेवणात जिलबी होती. येताना गाडीत ती वही छातीशी धरून बसले होते, मोठी हुशार झाल्यासारखी.

चार महिने लिहिलं. शाळेची हजेरी किती, भाजी कुठली, पाण्याची टाकी कधी धुतली. वाचणारे तीन. त्यातही दोन वेळा मीच, बरोबर दिसतंय का ते बघायला. मग एका दुपारी आठ वर्षांची एक पोरगी टाकीच्या कट्ट्यावर गुडघ्यात हनुवटी खुपसून बसलेली दिसली. लंगडीत तिला बाद दिलं म्हणून फुगली होती. दुसरं काही नाही. पण ऊन असं तिरपं पडलेलं, आणि डोळे असे भरलेले, की मी फोटो काढला. खाली लिहिलं, हिचे आईवडील ऊसतोडीला गेलेत, यात्रेला येतील. वाचून बघितलं. सपक वाटलं. पुसलं. आणि लिहिलं: हिची वाट पाहणारं या जगात कुणी नाही.

हे वाक्य माझं आहे, बाई. त्या सरांनी लिहून दिलं नव्हतं, बोट घसरलं नव्हतं, मोबाईलनं आपोआप उमटवलं नव्हतं. मी पुसून लिहिलं.

आणि काय सांगू, बाप्पा, धावलं ते! दोन दिवसांत पुण्याचे, नागपूरचे, कुठकुठचे लोक खाली लिहायला लागले. रडक्या चेहऱ्यांच्या रांगा. कुणी कपडे पाठवू का, कुणी वह्या. एका जोडप्यानं विचारलं, मुलगी दत्तक मिळेल का. मी दर तासाला उघडून बघत होते. मावशींना, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या मावशींना, वाचून दाखवत होते. त्या म्हणाल्या, "पण तिले मायबाप हायेत ना वं?" मी म्हटलं, लिहायची पद्धत असते तशी. तुम्हाला हे वाक्य कुणी ऐकवलं असतं तर तुम्ही लाटणं फेकून मारलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. तिकडच्या उसाच्या फडातून. फोटो फिरत फिरत ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या मोबाईलवर गेला होता आणि त्यानं तो पोरीच्या आईला दाखवला होता. तिला वाचता येत नाही. त्यानं वाचून दाखवलं. मागे माणसांचा गलबला, ऊस पडल्याचा आवाज, आणि ती एवढंच म्हणाली, "ताई, मी मेली काय?" मी काहीतरी बोलायला लागले. ती पुन्हा म्हणाली, "नाई, सांग ना. मी मेली काय? कोणाले देऊन राह्यली तू माह्या पोरीले?"

मी लगेच तो फोटो आणि ते वाक्य पानावरून पुसलं. पण माझ्याकडचं पुसलं, लोकांच्या फोनमधलं कसं पुसणार? दोन दिवसांनी ती जऊळक्याला गाडीतून उतरली आणि उन्हात चालत आली, नवऱ्याला एकट्याला फडात सोडून. हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे. पाणी दिलं, घेतलं नाही. पोरीला म्हणाली, "चाल." पोरगी म्हणते, परवा माझी कविता आहे शाळेत. "चाल म्हंतलं ना." आणि नेली. त्या पोरीचं ते अख्खं वर्ष फडात गेलं, बाई. पाणी वाहिलं, धाकट्या भावाला सांभाळलं, पाचट वेचलं. तुम्ही उभ्या आयुष्यात एक लेकरू वाटेतून परत जाऊ दिलं नव्हतं. मी घालवलं.

रामनवमीला माणसं परतली आणि गोष्ट सगळ्या तांड्यात झाली. दसऱ्यापर्यंत ठरून गेलं होतं, यंदा एकही लेकरू वसतिगृहात ठेवायचं नाही. सगळी ट्रकात बसणार. तांड्याचे प्रमुख, म्हणजे नायक, त्यांनी मला सांगितलं तेव्हा चिडूनही नाही सांगितलं. पाऊस येईल असं सांगावं तसं सांगितलं.

मग आपल्या अध्यक्षांनी बैठक घेतली. अजून तेच आहेत, निवृत्त मुख्याध्यापक, आता कानाला यंत्र लावतात. म्हणाले, पान कायमचं बंद करा, तांड्यावर जाऊन सांगू की टायपिंगची चूक झाली, विषय संपवू. शेवटी मान हलवत म्हणाले, "बाई उगीच नको म्हणत नव्हत्या. बाईंच्या वाटेनं चाला, बस." सगळ्यांनी माना हलवल्या. तिथे माझं टाळकं सटकलं.

का, ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. आज सांगते. मी सात वर्षांची आहे. याडीला, माझ्या आईला, जाऊन महिना झालाय. तुमच्या टेबलावर पोस्टकार्डांचा गठ्ठा असतो, पिवळा, दोरीनं बांधलेला. मी म्हणते, बाई, माझ्या याडीला पत्र लिहा ना, मी दुसरीत सहामाहीला पहिली आले. तुम्ही म्हणता, "तिले वाचता येत नाई." मी म्हणते, मुकादम वाचून दाखवील. तुम्ही माझ्या केसांतून हात फिरवता, हे मला चांगलं आठवतं, हात प्रेमाचाच होता, आणि म्हणता, "पत्र गेलं की तिचा जीव थाऱ्यावर राह्यत नाई पोरी. कोयता असते हातात." मी पुन्हा मागितलं नाही. पाच महिने तिला माझं काही कळलं नाही, मला तिचं काही नाही. यात्रेच्या आधी ती दारात उभी राहिली तेव्हा मी तुमच्या पदराआड गेले. ओळखलं नाही असं नाही. ओळखलं. पण माझं तिच्यावाचून चालायला लागलं होतं, आणि तिला ते दिसलं. सगळ्यांसमोर ती हसली. घरी गेल्यावर दोन दिवस जेवली नाही. तुम्ही हात सांभाळलेत बाई तिचे, बाकीचं तुमच्या हिशेबातच नव्हतं.

तर अध्यक्षांना मी म्हटलं, चूक झाली असं मी सांगणार नाही, कारण चूक झाली नाही, मी खोटं लिहिलं. आणि पान बंद करणार नाही. ते म्हणाले, मग लेकरं येणार नाहीत. म्हटलं, ते तांड्याला विचारते. "बाईंनी असं कधी..." म्हणाले, आणि मी म्हटलं, "बाई नाहीत आता." तुमच्या भिंतीला टेकून म्हटलं.

तांड्यावर सकाळी गेले, देवळासमोर. माणसं कामाला निघायच्या तयारीत, बाया डोक्यावर पाणी घेऊन उभ्या. मी तो फोटो मोबाईलवर उघडून सगळ्यांत फिरवला, आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. मग सांगितलं की आधी खरं लिहिलं होतं, ते पुसून हे लिहिलं, लोकांना रडू यावं म्हणून. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग रडले काय लोकं?" म्हटलं, रडले. "अन् तुले बरं वाटलं?" म्हटलं, हो, वाटलं.

ती पोरीची आई मागे उभी होती. पुढे आली. मला वाटलं मारते आता, आणि मारलं असतं तर मी खाल्लं असतं. ती म्हणाली, "तुहं ते पान कोणासाठी हाये, आधी ते सांग. पुण्याच्या लोकाईले माही पोरगी दिसते. मले दिसत नाई. ती जेवली का, तिले ताप आला का, कोणं मारलं का, हे मले कधी कोणं सांगतलं? तुह्या आधीबी कोणी सांगत नव्हतं." बाई, हे तुमच्याबद्दल होतं. नायक म्हणाले, "अवं, बाईले काहून मधात आणतं?" ती म्हणाली, "आणीन. माहा मोठा पोरगा बाईजवळ होता. त्याचा हात मोडला, प्लास्टर सुटलं, तवा मले यात्रेत समजलं."

मला ते माहीत होतं. हात मोडला तेव्हा त्याला जऊळक्याच्या दवाखान्यात मीच नेलं होतं, आणि कळवायचं नाही हे तुम्हीच सांगितलं होतं.

मी म्हटलं, तुला काय पाहिजे ते सांग, तसं करते. ती म्हणाली, "मले वाचता येत नाई. आवाज पाह्यजे. पोरीचा. तुहा नाई." मग सगळेच बोलायला लागले. फोटो घ्यायचा तर मायबापाला विचारून. लिहिलं तर आधी तांड्यावर वाचून दाखवायचं, नको म्हटलं तर नको. आणि लेकरानं जे सांगितलं ते कापायचं नाही. हे शेवटचं तिचंच. "गोड गोड तेवढं नको पाठवू. मंग मले कसं समजंन?" मी हो म्हटलं. कुणी लेकरू ठेवतो मात्र म्हटलं नाही. नायक म्हणाले, दिवाळीपर्यंत पाहू, तू करते तरी काय.

त्या वेळी शेजारच्या तांड्यातली एक टोळी दसऱ्यालाच गेली होती, त्यांची सात लेकरं आपल्याकडे होती. त्यांच्यापासून सुरुवात केली. शाळेतून आल्यावर, हातपाय धुऊन, पडवीत बसायचं, मोबाईलसमोर ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं. मी तो आवाज पानावर ठेवते, आणि पानाची वाट, म्हणजे लिंक, टोळीच्या मुकादमाला, तिथून सगळ्यांना. संध्याकाळी त्यांच्या कोपीवर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या त्या झोपड्यांत, रेंज आली की ते ऐकतात. इकडे आपला तांडाही कान लावून बसलेला, परीक्षा घेत.

पहिले तीन दिवस लेकरं भाषण करत होती. मी इथे मजेत आहे, मी अभ्यास करते. चौथ्या दिवशी एका चिमुरडीनं माईक तोंडाशी धरला आणि एका दमात म्हणाली, "आई, आज वरण आंबलं होतं. मी सांगतलं त ताई म्हणे खा. मंग मावशीनं चाखलं, तवा फेकलं. चटणीसंग भाकर खाल्ली. ताई लय खेकसते." झालं. सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. माझं बोट पुसायच्या खुणेवर होतं, बाई, खोटं नाही बोलत. मग टाकलं.

तासाभरात अध्यक्षांचा फोन. आधी काढून टाका, संस्थेची अब्रू आहे काही. म्हटलं, नाही काढणार. अहो, जगभर दिसतंय ते! म्हटलं, दिसू द्या, वरण आंबलंच होतं. मावशी वेगळ्याच पेटल्या, हात कधी बिघडला नाही माझा, आणि जगाला आंबलेलं वरण दाखवता? दुसऱ्या दिवशी त्यांनी पदर खोचला, मोबाईल ओढून घेतला आणि स्वतःच बोलल्या, वरण सकाळचं होतं, दुपारी ऊन किती होतं, आणि आज ताजं केलंय, कोणाला खोटं वाटत असेल तर येऊन चाखा. तांड्यावर ते ऐकून लोक पोट धरून हसले म्हणे.

पण तांड्यावर आणखी काय झालं ते मला दिवाळीच्या आदल्या दिवशी नायकांनी सांगितलं. वरणाचं ऐकून एकजण म्हणाला होता, पाहा, असं खायला घालतात. तर ती पोरीची आई, तीच, म्हणाली, "खोटं सांगाचं असतं त आंबलं हे काहून सांगतलं असतं?"

दिवाळीनंतर एका सकाळी ट्रक भरले. मी रस्त्याच्या कडेला उभी. कोयते, गाठोडी, शेळ्या, पिठाचे डबे, सगळं चढतंय. लेकरंही चढतायत, एक, दोन, मी बघत राहते, तोंडातून शब्द काढायचा नाही असं ठरवून आलेली. मग एका ट्रकाच्या मागच्या फळीवरून एक दप्तर खाली आलं. मग ती पोरगी उतरली, नवीन फ्रॉक घातलेली. आई वरूनच म्हणाली, "माफ नाई केलं तुले. पोरगी ठेवून चालली. एक दिवस आवाज नाई आला त गाडी धरतेच मी." तिच्यामागून दुसऱ्या बाईनं आपला पोरगा उतरवला, मग आणखी कुणी. सगळी नाही उतरली. चार लेकरं ट्रकात बसून गेली, त्यातलं एक मला हात करत होतं. ती चार मी तुमच्या माथी मारत नाही, ती माझीच आहेत.

आता रोज संध्याकाळी ती पोरगी बोलते. काल म्हणाली, याडी, मला लंगडीत कुणी बाद करू शकत नाही आता. आणि आवाज परतही येतो. तिकडून आई बोलते, मागे ऊस तोडल्याचा खाडखाड आवाज, "ऐकलं. डोक्याले तेल लाव. जेवत जा पोटभर." तेवढंच. पोरगी ते दहादा लावते आणि मग गृहपाठाला बसते. कुठे बिघडलं, बाई? हात तुटला नाही त्या माउलीचा. ऐकल्यावर झोप लागते म्हणते. तुमचं माप चुकलं होतं. ज्या दोन शब्दांनी माणूस मोडेल असं तुम्हाला वाटायचं, त्यांच्यावर ही माणसं तिकडे दिवस काढतात.

पुण्याचे लोकही ऐकतात अजून. रडक्या चेहऱ्यांवाले बहुतेक निघून गेले, दत्तकवाल्या जोडप्याचा पुन्हा निरोप नाही. राहिले ते थोडे, पण वरण आता बरं आहे का म्हणून विचारणारे. परवा आसेगावच्या एका महिला मंडळानं बोलावलं होतं, आम्हालाही पान काढायचंय, कसं काढू म्हणून. ब्लॉग उघडायचं अर्ध्या तासात शिकवलं, त्यात काही नाही. मग विचारलं, ज्या बायांबद्दल लिहिणार, त्या हे वाचतील का? अध्यक्षीण म्हणाली, त्यांच्यासाठी नाहीच ते, बाहेरच्यांसाठी आहे. म्हटलं, मग थांबा आणि घरी जाऊन विचार करा. राग आला तिला. येऊ द्या, मलाही तुमचा यायचा.

फोटोचं तुमचं बरोबर होतं, हे मान्य करते आणि पुढे जाते. लेकरं बाजारात मांडायची नसतात. पण बाजारात मांडू नये म्हणून कोंडून ठेवायचीही नसतात. तुम्ही त्या पत्रकाराला घालवलंत ते ठीक, पण त्याच हातानं ती पोस्टकार्डंही दोरीनं बांधून ठेवलीत. दोन्हीला तुम्ही एकच नाव दिलंत, साधेपणा. मी नाही देणार. मला कुणी विचारलं की बाईंची शिकवण काय, तर मी हेही सांगणार. तुमच्या तसबिरीला हार घालून गप्प बसणारी मी नाही, आणि तसबीर तरी कुठे आहे तुमची?

तेच सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात लेकरं मागे लागली, मोठ्या बाई कशा बोलायच्या, त्यांचा आवाज टाका ना पानावर. मी कपाट उपसलं, जुने फोन चालू करून बघितले, अध्यक्षांना विचारलं. कुणाकडे काही नाही. ठेवूच दिलं नाहीत तुम्ही काही. मग लेकरांना म्हटलं, थांबा, मीच बोलून दाखवते, आणि तुमचं एक वाक्य म्हटलं, तुमच्यासारखं ओढून. लेकरं हसली. मावशी चुलीपाशी होत्या, म्हणाल्या, "अशा नाई बोलत होत्या बाई." म्हटलं, मग कशा? त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांनाही आलं नाही.

हे पत्र पानावर जाणार नाही. तांड्यावर वाचलं तर ते म्हणतील, टाक, आणि मला ते नको आहे. तुम्हाला पाठवायची सोय नाही. वहीत राहील. यात तुमच्या तोंडी जे जे मी घातलं, ते शब्द तुमचेच आहेत, एक अक्षर बदललेलं नाही. पण लिहिताना ते सगळे मला माझ्याच आवाजात ऐकू येत होते. तुमचा आवाज मला आता आठवत नाही, बाई.